क्षमेचे मोल

संकटातून वाचून आलेल्या मनुष्याची हकीकत ऐकण्याची हौस फार जुनी आहे. पूर येऊन जावा, साथ ओसरावी, लढाई संपावी, आणि जो कोणी जिवंत परतला असेल त्याच्याभोवती सारा गाव गोळा व्हावा, हे सर्व देशांत सर्व काळी घडत आले आहे. अशा मनुष्यास आपण ‘तू कसा वाचलास?’ असे विचारतो खरे. परंतु मनातील प्रश्न निराळाच असतो. एवढे सोसूनही ह्याचा देवावरचा व माणसांवरचा विश्वास शिल्लक उरला आहे की नाही, हे आपणांस जाणून घ्यावयाचे असते. तो उरला आहे असे त्याने सांगितले, की आपल्या जिवास बरे वाटते. आणि ज्यांनी छळले त्यांनाही आपण क्षमा केली असे जर त्याने सांगितले, तर आपल्या डोळ्यांस पाणी येते, आपण पुस्तक मिटून उठतो, आणि जणू काही ती क्षमा आपणच केली आहे अशा समाधानाने जेवावयास बसतो.

हे समाधान फार स्वस्तात मिळालेले असते, अशी शंका आम्हांस पुष्कळ दिवस येत आहे. अशा पुस्तकांचे पीक आज उदंड आहे. त्यांतील पुष्कळांत आरंभी दुःख, मध्ये श्रद्धा आणि शेवटी क्षमा अशी ठरीव मांडणी असते. वाचकाने कोठे रडावयाचे व कोठे डोळे पुसावयाचे हेही लेखकाने आधीच ठरवून ठेवलेले असते. ह्या पंक्तीत सहसा अग्रभागी बसविले जाणारे एक पुस्तक म्हणजे कॉरी टेन बूम ह्या डच बाईंचे ‘द हायडिंग प्लेस’ हे आत्मचरित्र होय. १९७१ साली ते इंग्रजीत प्रसिद्ध झाले. १९७५ साली त्यावर चित्रपट निघाला. ते आम्ही नुकतेच पुन्हा एकवार वाचले, आणि ते ह्या पंक्तीत बसविण्यात त्यावर अन्याय होतो असे आमचे मत झाले. क्षमा किती थोर आहे हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. ती किती अवघड आहे, हे प्रांजळपणे सांगणारे हे पुस्तक आहे, आणि त्याची योग्यता आमच्या मते ह्यातच आहे. हे मत वाचकांस पटते की नाही हे त्यांनीच ठरवावे, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहो.

कॉरीबाईंचा जन्म १५ एप्रिल १८९२ रोजी झाला. हॉलंड देशातील हार्लेम शहरी त्यांच्या आजोबांनी १८३७ साली घातलेले घड्याळांचे दुकान होते. दुकान खाली व बिऱ्हाड वर. वडील कॅस्पर हे निष्णात घड्याळजी आणि त्याहून निष्णात भाविक. रोज सकाळी व रात्री घरच्या मंडळीस व दुकानातील नोकरांस एकत्र बसवून ते बायबल वाचीत. दोन्ही अविवाहित मुली, थोरली बेट्सी व धाकटी कॉरी, त्यांच्यापाशी राहत. बेट्सी घर सांभाळी, कॉरी दुकानात वडिलांच्या हाताखाली घड्याळे दुरुस्त करी. आपल्या देशात घड्याळजीचा परवाना मिळविणारी पहिली स्त्री तीच. पुस्तकाचा प्रारंभ १९३७ साली दुकानास शंभर वर्षे पुरी झाल्याच्या समारंभाने होतो, आणि पुढे कितीतरी पृष्ठे ह्या घरातल्या मावश्या, आजारपणे, फुकट गेलेले प्रेम, न वसूल झालेली बिले ह्यांच्या वर्णनातच जातात. घाईच्या वाचकास हा भाग लांबलेला वाटेल. आम्हांस तो अत्यंत आवश्यक वाटतो. पुढे जे काही ह्या दोघी बहिणींनी केले ते आकाशातून पडलेल्या एखाद्या वीरश्रीने केलेले नव्हते. त्या घरात पन्नास वर्षे जे मुरत होते तेच प्रसंग पडताच वर आले, हे ह्या पृष्ठांवाचून कळले नसते.

एक उदाहरण देतो. कॉरी लहान असता आगगाडीच्या प्रवासात तिने वडिलांस वयाबाहेरचा एक प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर न देता घड्याळांनी भरलेली आपली पेटी खाली ठेवली व ती तिला उचलावयास सांगितले. पेटी तिला हलेना. तेव्हा ते म्हणाले, की काही ज्ञानही असेच लहान मुलांस न पेलणारे असते; तू मोठी होईपर्यंत ते माझ्यापाशी राहू दे. पुढे तुरुंगात, ज्यांची उत्तरे सुचत नाहीत असे प्रश्न उभे राहिले तेव्हा, कॉरीस ही पेटी आठवते. ‘देवाने हे का होऊ दिले?’ ह्या प्रश्नास पुस्तकात उत्तर असे नाहीच. ही पेटी काय ती आहे. हे उत्तर तत्त्वज्ञास पुरणार नाही. परंतु ज्या मुलीने वडिलांच्या हाती ती जड पेटी रोज पाहिली होती, तिला ते पुरले. श्रद्धा म्हणजे सर्व शंकांचे निरसन, अशी कल्पना करून घेणाऱ्यांनी हे स्थळ अवश्य वाचावे.

१९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजांनी हॉलंड घेतले. त्या देशातील यहुदी लोकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पुढील पाच वर्षांत मारले गेले. टेन बूम ह्यांच्या दारावर पहिली थाप पडली तेव्हा त्यांनी दार उघडले, आणि एकदा उघडलेले दार पुन्हा लावणे त्यांस जमले नाही. कॉरीच्या निजण्याच्या खोलीत खोटी भिंत उभारून तिच्यामागे, जेमतेम उभे राहता येईल अशी, अडीच फूट रुंदीची गुप्त जागा करण्यात आली. घरात राहावयास आलेल्यांत मायर मोसेल हा यहुदी प्रार्थनागायक होता. त्याच्यापुढे जेवणात डुकराचे मांस आले असता, ह्यास धर्मशास्त्रात काहीतरी आधार असेलच, तो जेवण होताच शोधीन, असे म्हणून तो हसत ताटावर बसतो. मृत्यू दाराशी असता त्या घरी हास्यविनोद चाले, संगीत होई, धडे घेतले जात. हे सारे बाईंनी फार गोडीने लिहिले आहे.

२८ फेब्रुवारी १९४४ रोजी एका देशबांधवाच्या चहाडीवरून घरावर धाड आली. भिंतीमागे लपलेले सहाजण सापडले नाहीत. सुमारे दोन दिवसांनी ते सुखरूप बाहेर निघाले. ‘कपाटातील सारी घड्याळे सुरक्षित आहेत’ अशा अर्थाचा निरोप पुढे टपालाच्या तिकिटाखाली लिहून कॉरीस तुरुंगात पोचला. परंतु घरची माणसे धरली गेली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या कॅस्पर ह्यांस पाहून जर्मन अधिकाऱ्यास दया आली व पुन्हा त्रास न देण्याचे वचन दिल्यास घरी जाऊ देतो असे तो म्हणाला. म्हाताऱ्याने उत्तर दिले, की आज घरी गेलो तर उद्या जो कोणी दार ठोठावील त्यास दार उघडीन. दहा दिवसांनी ते कैदेतच वारले. येथे बाईंनी एकही विशेषण खर्च केलेले नाही. आमच्या इकडील एखाद्या चरित्रकाराने ह्या जागी दोन पृष्ठे तरी खर्च केली असती.

येथून पुढे पुस्तकाची खरी नायिका बेट्सी होय. शेव्हेनिंगेन, मग फुख्त, आणि १९४४ च्या सप्टेंबरात बर्लिनच्या उत्तरेस असलेली राव्हेन्सब्रुक येथील स्त्रियांची छावणी, असा ह्या दोघी बहिणींचा प्रवास झाला. चारशे स्त्रियांसाठी बांधलेल्या बराकीत चौदाशे स्त्रिया कोंबलेल्या. पेंढ्यात पिसवांचा सुळसुळाट. बेट्सी म्हणाली, ह्या पिसवांबद्दलही देवाचे आभार मानू. कॉरीस हे अति झाले असे वाटले. परंतु पुढे कळले, की पिसवांच्या भीतीनेच पहारेकरी त्या बराकीत पाऊल टाकीत नव्हते, आणि म्हणूनच तेथे लपवून आणलेले बायबल रोज रात्री वाचता येत होते.

ही कथा जगभर सांगितली गेली आहे, आणि सांगणारे बहुधा येथेच थांबतात. आम्हांस येथे थांबवत नाही. ज्या बराकीत पिसवा होत्या व तरीही पहारेकरी शिरत होते, तेथील स्त्रियांनी कोणाचे आभार मानावे? ईश्वराच्या योजनेचा असा हिशोब मांडू लागले की जमेच्या बाजूस एक व खर्चाच्या बाजूस लाख अशी स्थिती होते. सुदैवाने बाईंनी हा हिशोब मांडलेला नाही. त्यांच्या काही चाहत्यांनी मात्र तो मांडला. पुस्तकात ह्या प्रसंगाचे मोल निराळे आहे. पिसवांचा उपयोग कळण्यापूर्वी बेट्सीने आभार मानले होते, ही त्यातील मुख्य गोष्ट. उपयोग न कळता तर तिने ते परत घेतले असते, असे वाटत नाही.

फुख्त येथे असता ह्या दोघींस चहाडी करणाऱ्याचे नाव कळले. कॉरीच्या अंगाची लाही लाही झाली. तो समोर आला तर आपण त्यास जिवे मारू, असे तिला वाटले. तिच्याने प्रार्थना होईना. आजारी पडण्याची वेळ आली. शेजारी बेट्सी शांत होती. तुला त्याचे काहीच वाटत नाही का, असे कॉरीने विचारले असता ती म्हणाली, वाटते तर. मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते. त्या बिचाऱ्यास किती यातना होत असतील! त्या रात्री अंधारात पडल्या पडल्या कॉरीस उमजले, की मनाने आपणही खून केला आहे. तो व आपण एकाच न्यायासनापुढे उभे आहो. तिने त्यास क्षमा केली व त्या रात्री तिला झोप लागली. कथेच्या दृष्टीने हे स्थळ उत्कृष्ट साधले आहे. बेट्सीची क्षमा सहज आहे, श्वासासारखी. कॉरीची कष्टाने मिळविलेली आहे. पैठणास अंगावर वारंवार थुंकणाऱ्यावर न रागावता पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करणाऱ्या एकनाथांची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो व हात जोडतो. परंतु त्यांच्याप्रमाणे आपल्या हातून होईल असे आपणांस क्षणभरही वाटत नाही. बेट्सी त्या जातीची आहे. कॉरी आपल्या जातीची आहे, आणि लेखणी तिच्या हाती राहिली हे वाचकांचे भाग्य होय.

१६ डिसेंबर १९४४ रोजी बेट्सी छावणीत वारली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, वर्ष संपावयाच्या आत, कॉरीची सुटका झाली. ती सुटका कचेरीतील एका चुकीने झाली होती, आणि तिच्या वयाच्या स्त्रियांस आठवड्याभरात मारण्यात आले, हे तिला पुढे कळले. पुतण्यांपैकी एक परत आला नाही. भाऊ विलेम कैदेत जडलेल्या क्षयाने १९४६ साली गेला. जी मरावयाची ती चुकीने वाचली आणि जिची श्रद्धा अभंग होती ती मेली, ही गोष्ट लक्षात ठेवूनच ह्या पुस्तकाकडे पाहिले पाहिजे. हे श्रद्धेने प्राण वाचतात असे सांगणारे पुस्तक नव्हे. मागे उरलेलीने गेलेलीचे ऋण फेडण्यासाठी ते सांगितले आहे. युद्धानंतर दुखावलेल्यांसाठी एक घर काढावयाचे आणि जर्मनीत जाऊन क्षमेचा संदेश सांगावयाचा, ही दोन्ही स्वप्ने बेट्सीची होती; तिने ती मरण्यापूर्वी सांगून ठेविली होती.

आता ज्या प्रसंगासाठी हे पुस्तक प्रसिद्ध आहे तिकडे वळू. १९४७ साली म्युनिक येथील एका प्रार्थनामंदिरात कॉरीबाई बोलल्या. आपण पाप कबूल केले म्हणजे देव ते खोल समुद्रात टाकून देतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभा संपल्यावर गर्दीतून एक गृहस्थ पुढे आला. राव्हेन्सब्रुकच्या स्नानगृहापाशी पहाऱ्यावर असलेला हाच तो शिपाई, हे बाईंनी तत्काळ ओळखले. वस्त्रे काढून ठेवून ज्याच्यापुढून त्यांना व अशक्त बेट्सीला जावे लागले होते, तो हा. त्याने हर्षाने हात पुढे केला. क्षमेवर नुकत्याच बोललेल्या बाईंचा हात वर होईना. मनात रागाचे विचार उसळू लागले. हसून पाहावे म्हटले, तेही जमेना. मी ह्यास क्षमा करू शकत नाही, तूच तुझी क्षमा मला दे, अशी त्यांनी मनात प्रार्थना केली, आणि त्याचा हात हाती घेताच खांद्यापासून बोटांपर्यंत एक प्रवाह वाहत गेल्याचे त्यांना जाणवले.

पुस्तकात हा प्रसंग जेमतेम पृष्ठभराचा आहे. पुढे १९७२ साली एका मासिकात लिहिलेल्या लेखात बाईंनी तो अधिक सविस्तर सांगितला, आणि त्यात एक महत्त्वाची भर घातली. क्षमा ही भावना नव्हे, ते इच्छेचे कर्म आहे. अंतःकरण थंड असले तरी इच्छेस काम करता येते. हात तेवढा मी पुढे करीन, भावना तू पुरव, अशा अर्थाचे विचार त्या क्षणी मनात आले, असे त्या म्हणतात. ह्या दोन कथनांची तुलना उद्बोधक आहे. पहिल्यात क्षमा वरून उतरून येते. दुसऱ्यात माणसास आपला हात स्वतः उचलावा लागतो. कोणते कथन अधिक खरे, हा वाद आम्ही घालीत नाही. पंचवीस वर्षांनी आठवलेला क्षण दोन वेळा सांगताना थोडा बदलणारच. आम्हांस मोलाचे वाटते ते हे, की बाईंनी दोन्ही ठिकाणी आपला न उठणारा हात लपविलेला नाही. व्यासपीठावरच्या वक्त्याने आपले व्याख्यान संपून दोन मिनिटे झाली नाहीत तोच आपण त्यातील एक शब्दही आचरू शकलो नाही, असे लिहावे, ह्यास धैर्य लागते.

हे धैर्य त्यांनी म्हातारपणीही सोडले नाही. शत्रूस क्षमा केल्यानंतर पुष्कळ वर्षांनी काही धर्मबंधूंनीच त्यांना दुखविले. तेही विसरले, असे त्या एका स्नेह्यास सांगत होत्या. आणि त्याच वेळी त्या लोकांची पत्रे पुरावा म्हणून त्यांनी जपून ठेविली होती. इतरांची पापे समुद्रात बुडाली असे सांगणाऱ्या बाईंनी ह्यांची मात्र कपाटात ठेवली, हे स्नेह्याने दाखवून देताच त्या ओशाळल्या व त्यांनी ती पत्रे जाळली. एका पाद्र्याने त्यांना सांगितलेला घंटेचा दृष्टांतही लक्षात ठेवण्याजोगा आहे. दोरी सोडली तरी घंटा काही वेळ वाजतच राहते. तसे क्षमा केल्यावरही जुना राग काही काळ मनात वाजत राहतो. त्यावरून आपण क्षमा केलीच नाही असे समजू नये. दोरी पुन्हा हाती धरली नाही म्हणजे झाले. आमच्या वाचकांपैकी ज्यांना कधी कोणास क्षमा करण्याची पाळी आली असेल, त्यांस हा दृष्टांत दहा व्याख्यानांपेक्षा अधिक धीर देईल.

परंतु ह्या सर्वांहून आम्हांस अधिक विचारार्ह वाटलेला भाग पुस्तकाच्या शेवटी, फारसे कोणी न वाखाणलेला असा आहे. युद्ध संपल्यावर ब्लूमेन्दाल येथे छावण्यांतून परतलेल्या लोकांसाठी घर निघाले. बाईंस तेथे असे आढळले, की परक्या शत्रूस क्षमा करणे लोकांस त्या मानाने सोपे जाई. जर्मनांस सामील झालेल्या आपल्याच देशबांधवांस क्षमा करणे महाकठीण. ह्या फितुरांस आता कोणी थारा देत नव्हते. बाईंनी त्यांसही त्याच घरी ठेवून पाहिले, भांडणे जुंपली, प्रयोग फसला. तेव्हा त्यांनी कोणास उपदेश केला नाही. फितुरांसाठी त्यांनी हार्लेमचे आपले वडिलोपार्जित घर मोकळे केले, आणि ब्लूमेन्दालच्या लोकांस बागेत भाजीपाला लावावयास सांगून त्या वाट पाहत राहिल्या. कधी सहा महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, एखादा रहिवासी आपण होऊन विचारी, की त्या तिकडच्या लोकांस आमच्या बागेतील थोडी भाजी चालेल काय? तो बरा झाला, हे बाई तेव्हा ओळखीत. क्षमा मागून घेता येत नाही, शिकविता येत नाही, तिच्यासाठी जागा करून ठेवता येते, एवढाच ह्याचा अर्थ. आणि तो ज्याने त्याने आपल्या मनावर कोरून ठेवण्यासारखा आहे.

ह्या पुस्तकावर एक गंभीर आक्षेप येतो, व तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. टेन बूम ह्यांनी आपल्यावर झालेल्या छळाची क्षमा केली. परंतु त्या छावण्यांत जे लक्षावधी यहुदी मारले गेले, त्यांच्या वतीने कोण क्षमा करणार? सायमन व्हीझेन्थाल ह्यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सनफ्लॉवर’ ह्या पुस्तकात आपला अनुभव सांगितला आहे. ते स्वतः कैदी असता एका मरणोन्मुख एस्. एस्. शिपायापुढे त्यांस नेण्यात आले. त्याने यहुदी बायकामुलांच्या कत्तलीतील आपला भाग कबूल करून त्यांच्यापाशी क्षमा मागितली. व्हीझेन्थाल काही न बोलता बाहेर पडले, आणि आपण केले ते योग्य की अयोग्य, हा प्रश्न त्यांनी पुढे अनेक विचारवंतांस घातला. ह्याहून कठोर भूमिका झां आमेरी ह्यांची. त्यांनी छळ व आउश्वित्झ दोन्ही भोगले होते. १९६६ सालच्या आपल्या निबंधसंग्रहात त्यांनी आपल्या संतापाचेच समर्थन केले. जगास सारे विसरण्याची घाई झाली असता, ज्यास छळले त्याने न विसरणे हाच न्यायाचा उरलेला एकमेव साक्षीदार, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे.

ह्या दोघांच्या म्हणण्यास कॉरीबाईंच्या पुस्तकाने उत्तर मिळते, असे आम्ही म्हणणार नाही. उत्तर द्यावयास ते पुस्तक बसलेलेच नाही. बाईंनी जी क्षमा केली ती आपल्या वाट्याची केली. मृतांच्या वतीने त्यांनी काही केल्याचा दावा पुस्तकात कोठे आढळत नाही. बेट्सीच्या वतीने तरी त्यांस तो अधिकार होता काय, असे कोणी विचारील. होता; कारण बेट्सीने ती जिवंतपणीच करून ठेविली होती. जेथे जिच्यावर अन्याय झाला तिनेच क्षमा केली आहे, तेथपर्यंत हे पुस्तक निर्दोष आहे; जेथे वाचक ती उचलून दुसऱ्या कोणावर लादतो, तेथून पुढचा दोष वाचकाचा आहे.

पुस्तकाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ते बाईंनी एकटीने लिहिलेले नाही. जॉन व एलिझाबेथ शेरिल ह्या लेखक दांपत्याच्या साहाय्याने ते तयार झाले आहे. घटनांनंतर पाव शतक उलटून गेलेले, आणि तरीही संवाद असे नेटके, की काल ऐकल्यासारखे वाटावे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एखादी जुळणी इतकी चपखल बसते, की कुशल सुताराचा हात दिसावा. आश्रयास आलेल्या यहुदी मंडळींची चित्रे प्रेमळ असली तरी बाहेरून काढलेली आहेत. त्यांच्या मनात काय चालले होते, हे क्वचितच कळते. ह्या बाबतीत आमच्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सरस ठरतात. त्यांत संवाद, विनोद, श्रद्धा ही सारी एकाच ओघात, कोणाच्या हातची चाळणी न लागता उतरली आहेत. परंतु दोन्ही पुस्तकांत एक साम्य आहे. दोन्ही बायका देवाविषयी बोलताना स्वयंपाकघर व ओसरी सोडून फार दूर जात नाहीत, आणि स्वतःचा कमीपणा सांगताना दोघींनाही संकोच नाही.

आता शेवटी आमच्या घरांविषयी दोन शब्द. ‘क्षमा वीरस्य भूषणम्’ हे वचन आपण शाळेत शिकतो. परंतु घरात ते भूषण बहुधा दुर्बळाच्या अंगावर चढविले जाते. सासरचा छळ असह्य होऊन मुलगी माहेरी येते. चार वडीलधारी माणसे जमतात. ‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे म्हणून तिची समजूत घालतात व तिला परत धाडतात. वाटणीत एका भावाने दुसऱ्यास बुडविलेले असते. सणाच्या दिवशी बुडालेल्यानेच मोठे मन करावे, अशी सर्वांची अपेक्षा असते. ज्याने बुडविले त्यास कोणी एक शब्द विचारीत नाही. अशा घरात ‘द हायडिंग प्लेस’सारखे पुस्तक भेट म्हणून दिले जाते, तेव्हा आमच्या मनात धास्ती उभी राहते. त्या मुलीस, त्या भावास ते असे म्हणून द्यावयाचे नसते, की बघ, त्या बाईने एवढे सोसून क्षमा केली, तुझे दुःख ते केवढेसे!

हे पुस्तक ज्यास वाचावयाचे त्याने आपल्यासाठी वाचावे. गंगेला मिळाले असे म्हणण्यापूर्वी जे झाले ते झाले असे कोणीतरी कबूल करावे लागते. म्युनिकमध्ये हात पुढे करणाऱ्या त्या शिपायाने निदान आपण कोठे व काय होतो हे नाकारले नव्हते. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा हात वर होत नसेल, तर तो न होणे हे पाप नव्हे. कॉरीबाईंचाही झाला नव्हता. ब्लूमेन्दालच्या बागेत बसून त्यांनी इतरांच्या बाबतीत जी वाट पाहिली, तेवढी वाट पाहण्याची तयारी असेल त्यानेच दुसऱ्यापाशी क्षमेची गोष्ट काढावी.

कॉरीबाई १५ एप्रिल १९८३ रोजी, आपल्या एक्याण्णवाव्या वाढदिवशी वारल्या. त्यापूर्वी १९६७ साली इस्रायलमधील याद वाशेम ह्या संस्थेने यहुदी लोकांचे प्राण वाचविल्याबद्दल त्यांचा गौरव केला होता. हार्लेमच्या त्या घराचे १९८८ पासून संग्रहालय झाले आहे. पाहणाऱ्यांस खोटी भिंत व तिच्यामागची ती अडीच फुटांची जागा दाखवितात. पुस्तकाचे नाव त्या जागेवरून पडले असले तरी बाईंच्या मनात दुसरीही एक जागा आहे: बाहेर सर्व लुटले गेले असता माणसाचे जे शिल्लक राहते ते राखून ठेवणारी. ती आपल्या ठिकाणी आहे की नाही, हे ज्याचे त्याने शोधावे. त्या शोधास हे पुस्तक साहाय्य करील, असा आमचा भरवसा आहे. आणि म्हणून त्यातील उणिवा जमेस धरूनही, घरातील जाणत्या मंडळीने ते एकदा तरी, आणि शक्य तर एकट्याने, अवश्य वाचावे अशी आमची शिफारस आहे.